चाकांची अदलाबदल केल्यानंतर टायर-दाबाचे सेन्सर रीसेट करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारही टायरची झीज सारखी व्हावी म्हणून साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढची चाके मागे आणि मागची पुढे घेतली जातात. त्यानंतर डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला की अनेक जण गोंधळतात. पुढील उत्तरे त्या दिव्याविषयी आणि त्यामागच्या यंत्रणेविषयी आहेत. बटणाची जागा आणि मेनूतील नाव गाडीगणिक बदलते, त्यामुळे नेमक्या कृतीसाठी गाडीची पुस्तिका उघडावीच लागेल. मात्र ती कृती कशासाठी आणि कोणत्या क्रमाने करायची हे आधी समजले असेल, तर पुस्तिकेतील चार ओळी पुरेशा होतात.

चाकांची फक्त जागा बदलली, हवा तीच आहे. मग दिवा का लागतो?

सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण अगदी साधे आहे. अनेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या टायरसाठी हवेचा दाब वेगवेगळा सांगितलेला असतो. समजा, पुढे ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आणि मागे ३० पीएसआय हवी आहे. मागचे चाक पुढे आले की ते आपली ३० पीएसआय हवा घेऊनच पुढे येते, आणि जागेच्या मानाने ती ३ पीएसआय कमी पडते. मागे गेलेल्या चाकात तितकीच हवा जास्त असते. टायर बदलणाऱ्याने नट आवळले की काम संपले असे समजून हवा पुन्हा जुळवली नाही, तर दिवा लगेच लागेल किंवा पुढच्या थंड पहाटे लागेल.

दुसरे कारण सेन्सरच्या ओळखीचे आहे. ज्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो, तिथे प्रत्येक सेन्सरचा स्वतंत्र क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदलेला असतो. चाक हलले तरी ही नोंद आपोआप बदलेलच असे नाही. तिसरे कारण सेन्सर नसलेल्या यंत्रणेचे आहे. त्याविषयी पुढच्या दोन उत्तरांत सांगितले आहे.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे, हे कसे ओळखावे?

गाडीच्या पडद्यावर चारही चाकांचा दाब आकड्यांत दिसत असेल, तर ती प्रत्यक्ष यंत्रणा आहे. यात रिमच्या आतल्या बाजूला, बहुतेक वेळा व्हॉल्व्हलाच जोडलेला, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि गाडी चालत असताना ठरावीक काळाने रेडिओ संदेश पाठवतो. उत्तर अमेरिकेतील बहुतेक गाड्यांत ही वारंवारिता ३१५ मेगाहर्ट्झ असते, तर युरोप आणि इतर अनेक भागांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. बाहेरून आणलेला सेन्सर काही केल्या गाडीला सापडत नसेल, तर हा फरक आधी तपासावा.

आकडे दिसत नसतील, फक्त इशाऱ्याचा दिवा असेल आणि मेनूत किंवा डॅशबोर्डवर ‘सेट’ किंवा ‘कॅलिब्रेट’ असे काही असेल, तर बहुधा ती अप्रत्यक्ष यंत्रणा असते. मात्र केवळ दिवा देणारी प्रत्यक्ष यंत्रणाही असते, म्हणून खात्री पुस्तिकेतूनच करावी. अप्रत्यक्ष यंत्रणेत टायरमध्ये काहीही बसवलेले नसते. एबीएस ब्रेकसाठी (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे जे सेन्सर मुळातच असतात, त्यांच्यावरून ती अंदाज बांधते. हवा उतरलेले टायर किंचित दबते, त्याची फिरण्याची त्रिज्या घटते आणि तेवढ्याच अंतरात ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. नंतरच्या काळातील यंत्रणा चाकाच्या कंपनांचाही अभ्यास करतात. तरी मूळ तत्त्व तुलनेचेच आहे.

अप्रत्यक्ष यंत्रणेला चाकांच्या अदलाबदलीने इतका फरक का पडतो?

ती ज्या फरकावर नजर ठेवून असते, तो फार लहान असतो. टायरमधली पाव हिस्सा हवा गेली, तरी चाकाच्या फिरण्यातला बदल एक टक्क्याहूनही कमी असतो. आता झिजेचा विचार करावा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. त्यांच्या नक्षीच्या खोलीत दीड मिलिमीटरचा फरक पडला आणि चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर धरली, तर अर्ध्या टक्क्याचा फरक नुसत्या झिजेने होतो. म्हणजे हवा पूर्ण असूनही ते चाक हवा उतरल्यासारखे फिरते. गाडीने प्रत्येक कोपऱ्यातील चाकाचे जे माप लक्षात ठेवले होते, ते अदलाबदलीनंतर निरुपयोगी ठरते. म्हणून अशा गाडीत प्रत्येक अदलाबदलीनंतर कॅलिब्रेशन, म्हणजे ही मापे गाडीला नव्याने शिकवणे, आवश्यकच असते. दिवा लागला नसला, तरीही ते करावे.

‘रीसेट’ आणि ‘रीलर्न’ यांत काय फरक आहे?

दुकानांत हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. रीसेट किंवा कॅलिब्रेशन करताना आपण गाडीला सांगतो, ‘सध्या टायरमध्ये जितकी हवा आहे, ती योग्य समज.’ रीलर्न करताना सांगतो, ‘या क्रमांकाचा सेन्सर आता या कोपऱ्यात आहे.’ पहिली गोष्ट किती हवा याविषयी आहे, दुसरी कोणत्या चाकात याविषयी. काही गाड्यांना एकच लागते, काहींना दोन्ही लागतात, तर काही गाड्या दोन्ही गोष्टी स्वतःच करतात.

उदाहरणार्थ, टोयोटाच्या अनेक गाड्यांत रीसेटचे बटण असते आणि दिवा तीन वेळा सावकाश लुकलुकेपर्यंत ते दाबून धरावे लागते. त्याने दाबाची मर्यादा नव्याने नोंदली जाते, पण सेन्सरची जागा बदलत नाही. हे बटण दाबले की चाकांच्या जागाही कळल्या, असा समज करून घेऊ नये.

रीसेट करण्यापूर्वी काय करावे?

हवा भरावी. या पानावरचे दुसरे काहीही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हे राहावे, कारण रीसेटचे बटण टायरमध्ये हवा भरत नाही. ते फक्त तक्रार बंद करते.

अप्रत्यक्ष यंत्रणेत याचा धोका सर्वांत मोठा आहे. चारही टायरमध्ये ३२ ऐवजी २८ पीएसआय हवा असताना कोणी बटण दाबले, तर गाडी २८ लाच योग्य दाब मानते. इशारा सुमारे पाव हिस्सा हवा गेल्यावर येतो असे धरले, तर आता तो २४ ऐवजी २१ पीएसआयच्या आसपास येईल. तोपर्यंत टायरच्या बाजूच्या भिंती दबून, वाकून आतून तापत राहतात. भरलेली गाडी महामार्गावर वेगाने धावत असताना टायर फुटण्यामागे हेच कारण असू शकते. दिवा विझला म्हणून चालक निर्धास्त असतो, आणि नेमके तेच मला सर्वांत जास्त खुपते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरहून कमी चाललेली असावी, म्हणजे टायर थंड असतील. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता वाचावा. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो आपल्या गाडीसाठी सुचवलेला दाब नसतो. तक्त्यावर दोन-तीन प्रवासी आणि पूर्ण भार असे दोन वेगळे आकडे असतील, तर गाडी नेहमी जशी वापरली जाते त्याप्रमाणे आकडा निवडावा. मग चांगल्या गेजने प्रत्येक चाक तपासावे आणि चाकाच्या नव्या जागेप्रमाणे हवा जुळवावी. टायर तापलेले असताना दाब काही पीएसआयने जास्त दिसतो. अशा वेळी हवा कमी करू नये, कारण टायर निवल्यावर ती अपुरी पडेल.

हे सर्व झाल्यावरच बटणाकडे वळावे.

कॅलिब्रेशन प्रत्यक्षात कसे होते? बटण दाबले की झाले का?

बटण दाबल्यावर शिकण्याची सुरुवात होते, शेवट नाही. गाडी उभी असावी, इग्निशन चालू असावे आणि मग बटण दाबून धरावे किंवा पडद्यावरील मेनूतून कॅलिब्रेशन निवडावे. दिवा लुकलुकतो, आवाज येतो किंवा संदेश दिसतो. त्यानंतर गाडी चालवावी लागते. होंडाच्या अप्रत्यक्ष यंत्रणेला, उदाहरणार्थ, ताशी सुमारे ४८ ते १०५ किलोमीटर वेगाने एकूण अंदाजे ३० मिनिटे गाडी चालवल्यावर शिकणे पूर्ण करता येते. ही ३० मिनिटे सलग नसली तरी चालतात. गर्दीत थांबत-थांबत काढलेला अर्धा तास मात्र यात मोजला जात नाही. शिकणे पूर्ण होईपर्यंत इशाऱ्यावर विसंबू नये.

प्रत्यक्ष सेन्सर असलेल्या गाडीला नव्या जागा कशा शिकवतात?

यासाठी मुख्यतः तीन पद्धती आहेत.

काही गाड्या स्वतः शिकतात. सेन्सरमधील प्रवेगमापक चाक कोणत्या दिशेने फिरते आहे ते सांगतो, त्यावरून डावे-उजवे कळते. संदेशाची तीव्रता किंवा एबीएसच्या सेन्सरकडून मिळणारी चाकाची स्थिती यांवरून पुढचे-मागचे ठरते. अशा गाडीत काही वेळा आधी १५ ते २० मिनिटे गाडी उभी ठेवावी लागते आणि मग १० ते २० मिनिटे ठीक वेगाने चालवावी लागते. चाके बदलल्यानंतर पहिल्या काही किलोमीटरपर्यंत पडद्यावर आकड्यांऐवजी रेघा दिसल्या, तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी पद्धत उभ्या गाडीची आहे. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत गाडी शिकण्याच्या अवस्थेत नेली की हॉर्न दोनदा वाजतो. मग १२५ किलोहर्ट्झचा संकेत देणारे हातातले छोटे उपकरण डाव्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ, टायरच्या भिंतीला टेकवून धरतात. सेन्सर जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि हॉर्न एकदा वाजतो. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने उजवे पुढचे, उजवे मागचे आणि शेवटी डावे मागचे असा क्रम असतो. पहिल्या चाकासाठी साधारण दोन मिनिटे आणि सगळ्यांसाठी मिळून पाच मिनिटे मिळतात, म्हणून उपकरण हातात घेऊनच सुरुवात करावी. क्रम चुकला तरी गाडी तक्रार करत नाही. ती चुकीची जागाच खरी मानून पुढे जाते. शेजारी दुसरी गाडी कोणी शिकवत असेल, तर तिचा सेन्सर आपल्या गाडीत नोंदला जाण्याचाही संभव असतो.

तिसऱ्या पद्धतीत सेन्सरचे क्रमांक उपकरणाने वाचून ओबीडी जोडणीतून (गाडीची तपासणी करण्यासाठी दिलेल्या खाचेतून) गाडीच्या संगणकात लिहिले जातात. हे काम उपकरण असलेल्या कार्यशाळेतच होते.

पडद्यावर एका चाकाची हवा कमी दिसते, पण गेज लावल्यावर ती पूर्ण भरते. असे का?

याचा धडा मला स्वतःच्या गाडीने दिला. चाके पुढे-मागे केल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पडद्यावर डाव्या पुढच्या चाकाचा आकडा २६ दिसू लागला. हवा भरणाऱ्याने त्याच चाकात हवा भरली. पडद्यावर २६ च राहिले. आणखी भरली, तरी २६. सेन्सर बिघडला असावा असे आम्ही दोघांनी ठरवले आणि मी निघालो. दुसऱ्या दिवशी आकडा २२ झाला, तेव्हा गेज काढून चारही चाके तपासली. डाव्या पुढच्या चाकात ३८ पीएसआय होती आणि डाव्या मागच्या चाकात २२. मागच्या टायरच्या नक्षीत एक स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला होता, आणि साबणाचे पाणी टाकताच त्याच्याभोवती बारीक बुडबुडे आले. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता. तो आता मागे बसला आहे, हे मात्र गाडीला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. चाकांच्या जागा गाडीला शिकवल्या आहेत याची खात्री नसेल, तर इशारा कोणत्याही चाकाचा असो, गेज चारही चाकांना लावावा.

जागा बरोबर नोंदल्या गेल्या आहेत का, हे घरी तपासता येते का?

येते, आणि त्यासाठी उपकरण लागत नाही. एका चाकाची हवा गेज लावून ३ ते ४ पीएसआयने कमी करावी, थोडे अंतर गाडी चालवावी आणि पडद्यावर कोणत्या कोपऱ्यातील आकडा घटला ते पाहावे. नंतर तेवढी हवा पुन्हा भरावी. हवा भरण्याची सोय जवळ असतानाच हे करावे.

व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर असतील तर?

हा सर्वांत सोपा प्रकार आहे. अशा प्रत्येक टोपणावर पुढचे-मागचे, डावे-उजवे अशी खूण असते. चाके हलवण्यापूर्वी टोपणे काढून ठेवावीत आणि चाके बसवल्यावर खुणेप्रमाणे त्याच कोपऱ्यात पुन्हा लावावीत. यात रीलर्नची गरजच नसते. पुढे-मागे दाब वेगळा ठेवला असेल, तर इशाऱ्याच्या मर्यादाही तशाच लागू राहतात. टोपण घट्ट बसल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी टाकून हवा गळत नाही ना, हे पाहावे.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. ही हवेची तक्रार आहे का?

नाही. इग्निशन चालू केल्यावर दिवा साधारण ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग लागून राहिला, तर ती यंत्रणेतील बिघाडाची खूण आहे. एखाद्या सेन्सरचा संदेश पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. सुरुवातीपासून स्थिर असलेला दिवा हवेविषयी बोलतो. लुकलुकणारा दिवा कितीही वेळा रीसेट केला तरी जात नाही.

अदलाबदलीनंतर असे झाले, तर सेन्सरची बॅटरी संपली आहे का ते पाहावे. ही बॅटरी राळेत बंद केलेली असते, साधारण ५ ते १० वर्षे टिकते आणि बहुतेक सेन्सरमध्ये वेगळी बदलता येत नाही. नुसते चाक काढून दुसरीकडे लावताना सेन्सरला सहसा धक्का पोहोचत नाही. टायर रिमवरून उतरवताना पान्याने सेन्सर तुटण्याचा धोका असतो, म्हणून त्याच वेळी पंक्चर काढले असेल तर आधी तिथे शंका घ्यावी. पंक्चर बंद करणारे द्रव रसायन टायरमध्ये घातले असेल, तर सेन्सरचे बारीक छिद्र बुजलेले असू शकते.

स्टेपनीही अदलाबदलीत घेतली तर?

स्टेपनीत सेन्सर आहे की नाही, हे आधी पाहावे. नसेल, तर ती चाकाच्या जागी लावल्यावर प्रत्यक्ष यंत्रणा बिघाडाचा दिवा लावेल. असेल, तर पाचही सेन्सर नोंदवून घ्यावे लागतात. छोट्या आकाराची तात्पुरती स्टेपनी अदलाबदलीत कधीही घेऊ नये.

गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवली तर दिवा रीसेट होतो का?

होत नाही. सेन्सरचे क्रमांक कायमच्या स्मृतीत साठवलेले असतात. घड्याळ आणि काचांच्या नोंदी मात्र पुसल्या जाऊ शकतात.

सकाळी दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. रीसेट चुकले आहे का?

बहुधा रीसेट चुकलेले नाही, हवा काठावर आहे. तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण १ पीएसआयने घटतो. त्याशिवाय निरोगी टायरमधूनही महिन्याला सुमारे १ पीएसआय हवा झिरपते. थंड टायरमध्ये तक्त्याप्रमाणे हवा भरली की हा प्रकार थांबतो. नायट्रोजन भरल्यानेही तापमानाचा हा परिणाम टळत नाही, कारण तोही इतर वायूंप्रमाणेच निवल्यावर आकुंचन पावतो.

दिवा लागलेला नाही, म्हणजे हवा ठीक आहे असे समजावे का?

समजू नये. अमेरिकेत २००० साली झालेल्या ट्रेड (TREAD) या वाहनसुरक्षेच्या कायद्यानंतर ही यंत्रणा सक्तीची होत गेली आणि १ सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत ती आली. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती असणे बंधनकारक झाले. मात्र अमेरिकेतील नियमानुसार दाब सुचवलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरल्यावर इशारा मिळणे अपेक्षित आहे. म्हणजे ३२ पीएसआयचे टायर २५ पर्यंत आले, तरी दिवा शांत राहू शकतो. इंधनाचा खप आणि टायरच्या कडांची झीज त्याच्या कितीतरी आधी वाढलेली असते. दिवा अचानक झालेल्या गळतीसाठी आहे, महिन्याच्या तपासणीसाठी गेजच हवा.

टायरच्या दुकानातून निघण्यापूर्वी काय पाहावे?

चाके कोणत्या क्रमाने हलवली हे विचारून लिहून ठेवावे, कारण आडवी अदलाबदल केली असेल तर नुसत्या अंदाजाने सेन्सरची जागा सांगता येत नाही. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या टायरवर बाण असतो. असे टायर एकाच बाजूला पुढे-मागे करता येतात, म्हणून बाण पुढच्या दिशेने आहे याची खात्री करावी. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असलेल्या गाडीत पुढची चाके मागे घेताच येत नाहीत.

आपल्या देखत चारही चाकांची हवा नव्या जागेप्रमाणे जुळवून घ्यावी आणि मगच रीसेट किंवा रीलर्न करू द्यावे. हाच क्रम उलटा झालेला अनेकदा दिसतो, तेव्हा संकोच न करता थांबवावे. नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले का, हे विचारावे आणि ८० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने एकदा चारही चाके पाहावीत. दुकानात गाडी चालवत आणलेली असल्याने तिथे भरलेली हवा तापलेल्या टायरमध्ये भरली गेलेली असते, आणि दोन-तीन पीएसआयची उणीव सकाळीच उघड होते. हवा तशी कमी निघाली आणि गाडीत अप्रत्यक्ष यंत्रणा असली, तर हवा पुरी करून कॅलिब्रेशन पुन्हा करावे.